हात कानाला पोचला

“पेटी अजून उघडीच?” मी म्हटलं. “उद्या आठ वाजता काजल येईल. तिला मिलवर जायची घाई असते. मग धावपळ करशील आणि निम्मं सामान इथंच विसरशील.”

चंदा पत्र्याच्या पेटीपुढे मांडी घालून बसली होती. पेटीत दोन ड्रेस, एक टॉवेल, एक फणी. नववीची पुस्तकं ती आत ठेवत होती, पुन्हा बाहेर काढत होती.

“ही नेऊ का मावशी, की ठेवू?”

“नववीची कशाला नेतेस? नववी झाली की तुझी.”

“दोनदा झाली,” ती म्हणाली. “म्हणून तर सोडवत नाहीत.”

मी तिच्या हातातली पुस्तकं घेतली, पेटीच्या तळाशी घातली आणि वर टॉवेल टाकला.

एकतीस मे होता. आमच्या वऱ्हाडातला एकतीस मे म्हणजे काय, ते इकडे राहिलेल्यालाच कळतं. सकाळी नऊलाच नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. मी तेव्हा मुलींच्या बालगृहात गृहमाता होते. गृहमाता हे कागदावर, मुलींच्या तोंडी मावशी. भाकरी, उवा, ताप, भांडणं, शाळेचे डबे, सगळं माझ्याकडे. जंक्शनचं गाव, त्यामुळे गाडीत सोडून दिलेल्या, घरून पळालेल्या, डबे झाडून हात पसरणाऱ्या अशा पोरी सतत यायच्या. एक मार्गी लावावी तर दारात दोन नव्या उभ्या. पंचवीस वर्षं केलं मी हे. लोक म्हणतात, केवढं पुण्य जोडलंत इंदूताई. पुण्यबिण्य मला ठाऊक नाही, गुडघे मात्र गेले.

दुसऱ्या दिवशी, एक जूनला, चंदाला अठरा पूर्ण होत होती. अठरा झाली की बालगृहात राहता येत नाही, मग परीक्षा असो की ताप असो. तिचं दहावीचं वर्ष आता सुरू व्हायचं होतं. बाहेर पडली की डाळ मिल, हे ठरलेलं. तिची मोठी बहीण काजल चार वर्षांपूर्वी अशीच एक जूनला बाहेर पडली होती. ती मिलमध्ये डाळ पाखडायची आणि मिलमागच्या एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहायची. त्या खोलीत पाय पसरून झोपायला जागा नव्हती, पुस्तक कुठे उघडणार? एकदा दहावी सुटली की सुटली. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी पोरींची सुटली होती, आणि चंदाची सुटू नये असं मला मनापासून वाटत होतं.

एक जून ही आमच्याकडे कितीतरी मुलींची जन्मतारीख. जिची तारीख कुणालाच ठाऊक नाही तिचं नाव शाळेत घालताना गुरुजी एक जून टाकून मोकळे होतात, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर बसतं. त्या वर्षी एक जूनला आमच्या घरात अकरा वाढदिवस होते. मी दरवर्षी त्या दिवशी मोठ्या पातेल्यात शिरा करायची.

अधीक्षिका धोत्रे मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर चंदाची फाइल तयार होती.

“बारा वाजता बालकल्याण समितीपुढे जायचंय,” त्या म्हणाल्या. “मुलीला सोबत न्या. अध्यक्षांची सही झाली की उद्या सकाळी सोडायचं.”

“मॅडम, एक वर्षाची मुदत नाही का मागता येणार? दहावीपुरती?”

“विचारलं मी. अठरानंतरच्या मुलींची सोय तिकडे लांब आहे आणि तिथली यादी भरलेली आहे.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि खरं सांगू का इंदूताई, रागावू नका. पहिलीत नापास, दुसरीत नापास, नववीत नापास. हुशार पोरींना तिथे जागा मिळत नाहीये. हिच्यासाठी कुठल्या तोंडानं भांडू मी?”

माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. बारा वर्षांपासून होतं. पण मी फाइल उचलली आणि चंदाला हाक मारली.

ऑटोमध्ये गरम वारा तोंडावर येत होता. चंदानं ओढणी नाकापर्यंत गुंडाळली होती. ती शाळेत शिकलेली भाषा बोलायची, काजलसारखी स्टेशनवरची नाही.

“मावशी, एक विचारू?”

“विचार.”

“मी मुळातच मठ्ठ आहे का हो? काही काही माणसं असतात ना तशी. काळमेघ गुरुजी म्हणायचे, या पोरीच्या डोक्यात दगड भरलेत. नववीच्या बाई पण म्हणाल्या, तुला वय जास्त आणि समज कमी. मी वर्गात सगळ्यांत मोठी, तरी मलाच येत नाही. म्हणजे जन्मापासूनच असणार ना काहीतरी?”

“उन्हात बडबड करू नको,” मी म्हटलं. “घशाला कोरड पडेल.”

तिनं ओढणी पुन्हा नाकावर घेतली.

समितीची खोली जुन्या इमारतीत होती. एक कूलर, त्याचा नुसता आवाज, गारवा नाही. अध्यक्ष राऊत सर होते, एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. बाजूला एक वकीलबाई सदस्य होत्या. सरांपुढे फायलींचा ढीग होता आणि आमची वरून चौथी की पाचवी होती. तासभर आम्ही बाकावर बसून होतो. चंदानं तेवढ्यात भिंतीवरचा प्रत्येक तक्ता वाचून काढला. ओठ हलवत, हळूहळू, पण सगळा.

नंबर आल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं.

“ये बेटा. उद्यापासून बहिणीकडे राहणार ना? राजीखुशीनं?”

“हो सर.”

“काही म्हणायचंय तुला?”

चंदानं माझ्याकडे पाहिलं. “दहावी करायची होती सर.”

“मग कर की. बाहेरून बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. मिलमध्ये काम करत केलेली मुलं आहेत.”

“हो सर,” ती म्हणाली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

सरांनी पेनचं टोपण काढलं. मी आजही सांगू शकते, ते निळं पेन होतं आणि टोपण दातांनी चावलेलं होतं. त्यांनी कागदावर तारीख घातली.

“सर, तिचं वय चुकीचं आहे,” मी म्हणाले.

सरांनी वर पाहिलं. “म्हणजे?”

“ती अठराची नाही. सोळाची आहे. मी वाढवलं.”

वकीलबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग मी सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

बारा वर्षांपूर्वी दोन बहिणी आमच्याकडे आल्या. फलाटावरच्या पाण्याच्या टाकीमागे राहायच्या. मोठी काजल, नऊदहा वर्षांची. धाकटीला नाव नव्हतं, काजल तिला चकुली म्हणायची. आमच्याकडे लहान लेकराला म्हणतात तसं. आई गाडीखाली गेलेली, बापाचा पत्ता नाही. काजल झोपताना आपल्या फ्रॉकचा बंद चकुलीच्या मनगटाला बांधायची, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. आमच्याकडे आली तरी पहिले कितीतरी दिवस बांधत होती.

मी काजलला विचारलं होतं, ही कधी झाली गं? ती म्हणाली, “माहा पयला दात पडला ना मावशी, त्याच टायमाले झाली. म्या दात हातात धरून होती आन् आई वरडून राह्यली होती.” पहिला दात साधारण सहाव्या वर्षी पडतो. काजल दहाची, म्हणजे धाकटी चारची. हिशेब सरळ होता.

नियमही सरळ होता. सहाच्या आतलं मूल बालगृहात ठेवायचं नाही, शिशुगृहात पाठवायचं. शिशुगृह दुसऱ्या जिल्ह्यात. तिथून मुलं दत्तक जायची, कधी परदेशीसुद्धा. धाकटी गेली असती तर काजल दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर परत पळाली असती. मी आधी असं एकदा पाहिलं होतं, भावाला नेलं म्हणून पळालेली बहीण. ती पुन्हा सापडली नाही.

डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले, ही पोरं उपाशी वाढलेली, यांच्या अंगावरून वय काय सांगू? सहाची पोर चारची दिसते. शाळेत काय लिहितात तेच धरा. म्हणून शाळेत नेलं. काळमेघ गुरुजी जुन्या पद्धतीचे. दाखला नसलेल्या मुलाला ते समोर उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. कान हाताला लागला तर सहा झाली, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. त्या काळात सगळीकडे तसंच चालायचं.

चकुलीनं हात डोक्यावरून नेला. तिची बोटं कानाच्या वर दोन बोटं थांबली. गुरुजी मागे वळून कपाटातलं रजिस्टर काढत होते. मी तिच्या पाठीशी उभी होते. मी तिचं कोपर दाबलं, मान जराशी वाकवली आणि तिचा कान ओढून तिच्या चिमटीत दिला. ती कळवळली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“पोचला गुरुजी,” मी म्हणाले.

गुरुजी वळले. पोरीच्या बोटांत कान होता. “पोचला? बरं,” ते म्हणाले आणि लिहिलं: चंदा, वय वर्षं सहा, जन्म एक जून. चंदा हे नाव मी तिथल्या तिथे सांगितलं.

एवढं सांगून मी थांबले. कूलर घरघरत होता.

“मग शास्त्रीय तपासणी करून घेऊ ना सर,” वकीलबाई म्हणाल्या. “हाडांची.”

सरांनी डोकं हलवलं. “शाळेचा दाखला असताना हाडं मोजत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आणि मोजली तरी डॉक्टर दोन वर्षं इकडे किंवा तिकडे असं लिहून देणार. इथे प्रश्नच दोन वर्षांचा आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “ते गुरुजी आहेत?”

“वारले.”

“तुमच्या घरात सध्या मुली किती?”

“एकतीस.”

“त्यांची वयं कुणी लिहिली?”

मी टेबलावरच्या फाइलकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही म्हणालात ते मी नोंदवलं, तर आधी तुमची चौकशी. मग संस्थेची. मग त्या एकतीसही फायली उघडायच्या. आणि एवढं करून ही मुलगी दहावीला इथे राहील याची खात्री मी देऊ शकत नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “तुम्ही काही बोलला नाहीत असं मी धरतो. बाहेर माठ आहे, पाणी प्या.”

आणि त्यांनी सही केली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याकडे अजून पंधरा फायली होत्या आणि त्यांचा हात घामानं कागदाला चिकटत होता.

बारा वर्षं मी मनात घोकत होते की एक दिवस सांगेन, मग नोकरी जाईल, मग मी राहते ती खोलीही जाईल. नवरा गेल्यापासून त्या बालगृहाच्या खोलीशिवाय मला छप्पर नव्हतं. केवढी भीती बाळगली मी. आणि प्रत्यक्षात काय झालं? पाणी प्या म्हणाले.

उठताना माझं लक्ष चंदाकडे गेलं. ती बाकावर माझ्या शेजारीच होती. सगळा वेळ होती. सरांना सांगण्याच्या नादात, चंदाही हे पहिल्यांदाच ऐकतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं फाइल उचलली, ओढणी सारखी केली आणि माझ्यापुढे जिना उतरली.

रस्त्यात एकही ऑटो नव्हता. कोपऱ्यावर रसवंती होती, घुंगरं वाजत होती. मी तिला आत नेलं, दोन ग्लास सांगितले. ती समोर बसली. मी वाट बघत होते की ही रडेल, मग मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही.

“किती वर्षांची होते मी?” तिनं विचारलं.

“चार. साडेचार धर.”

“नक्की?”

“नक्की. तू दुसरीत होतीस तेव्हा तुझा पहिला दात पडला. मीच कौलावर टाकला. तेव्हा उरलीसुरली शंका गेली माझी.”

तिनं ग्लासातला बर्फ बोटानं फिरवला. “वर्गात सगळ्यांना पाटी धरता यायची. माझी पाटी पडायची. मला आठवतं. गुरुजी मारायचे त्यावरून.”

“हो.”

“तो कान ओढलेला पण आठवतो मला. बांगड्या होत्या त्या हातात. मला वाटायचं स्वप्न पडलं होतं.”

मी बांगड्यांचे हात टेबलाखाली घेतले.

“शिशुगृहात गेले असते तर काय झालं असतं?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती. “कुणीतरी दत्तक घेतलं असतं. बहुतेक. तू दिसायला गोड होतीस.”

“म्हणजे आईबाप मिळाले असते.”

“मिळाले असते. काजल मिळाली नसती.”

तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “ते तुम्ही केलं त्याचं मला काही नाही मावशी. ताईसाठी केलं. मी असते तर मीही केलं असतं.”

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख बाई मी. मला वाटलं, सुटले.

“पण पहिलीत नापास झाले तेव्हा तुम्ही होता,” ती म्हणाली. “दुसरीत झाले तेव्हा होता. गुरुजी दगड म्हणायचे तेव्हा तुम्ही मला न्यायला यायचा, दारात उभ्या असायचा. ऐकू यायचं ना तुम्हाला?”

“यायचं.”

“सगळ्या पोरी मला ढब्बू म्हणायच्या. तुमच्यासमोर म्हणायच्या. आणि नववीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही स्वतः काय म्हणालात, आठवतं?”

आठवत होतं. मी म्हणाले होते, जाऊ दे गं, सगळ्यांच्याच डोक्यात सगळं शिरत नाही. मायेनं म्हणाले होते. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले होते.

“एकदा,” चंदा म्हणाली. “बारा वर्षांत एकदा, कुणी नसताना, नुसतं माझ्या कानात सांगायचं होतं. चकुली, तू मठ्ठ नाहीस, तू लहान आहेस. मी कुणाला सांगितलं असतं का?”

“घाबरले मी,” मी म्हटलं. “लहान पोर, बोलून गेलीस तर. आणि मग राहूनच गेलं. रोज काही ना काही असायचं गं. कुणाला ताप, कुणी पळालेली. आज सांगू, उद्या सांगू.”

हे सगळं खरं होतं. आणि त्यातलं एकही कारण त्या टेबलावर ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं, हेही मला बोलता बोलता कळत होतं.

तिनं रस संपवला, ग्लास उलटा ठेवला. “म्हणजे आज मी सोळाची.”

“सोळा.”

“सोळाव्या वर्षी दहावीत असतात ना पोरी? एखादं वर्ष इकडे तिकडे.”

“असतात.”

“मग मी फार काही मागे नाहीये,” ती म्हणाली. ते माझ्याशी नव्हतं, ती स्वतःशीच हिशेब करत होती.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून शिरा केला. अकरा वाट्या भरल्या. चंदानं तिची वाटी खाल्ली, धुतली, पालथी घातली. काजल आठच्या आधीच आली, डोक्याला रुमाल, केसांत डाळीचा भुसा. धोत्रे मॅडम आल्या, चार शब्द बोलल्या. चंदा त्यांच्या पाया पडली. स्वयंपाकाच्या लीलाबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिला कडकडून मिठी मारली आणि रडल्या.

मग ती पेटीपाशी गेली.

“काऊन वं,” काजल म्हणाली, “मावशीच्या पाया नाही पडत?”

“तू पेटीची ती बाजू धर,” चंदा म्हणाली.

दोघींनी पेटी उचलली. फाटकापर्यंत मी मागे गेले. पेटी जड होती, पुस्तकं सगळी नेली होती तिनं. रस्त्यावर वळताना काजलनं मागे बघून हात हलवला.

मला कुणी नोकरीवरून काढलं नाही. पुढे आठ वर्षं मी तिथेच होते, गुडघे पार बसेपर्यंत. त्या वर्षापासून मी एक करायला लागले. नवी मुलगी आली की तिच्या भावंडाला नाहीतर तिला स्वतःला मी खोदून खोदून विचारायची, दात कधी पडला, पूर कधी आला, कोणता सण होता. आणि जे कळेल ते त्या मुलीला सांगून टाकायची. कागदावर काही का असेना, तुझं खरं वय हे. मुलींना त्याचं काही वाटायचं नाही. ऐकायच्या आणि खेळायला पळायच्या.

चंदाची खबर काजलकडून मिळायची. मिलमध्ये दिवसभर पाखडायची, संध्याकाळी मिलच्या चौकीदाराच्या ओट्यावर, तिथल्या दिव्याखाली अभ्यास करायची. सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणितात गेली. पुन्हा भरला.

“पास झाली मावशी, एकसष्ट टक्के,” काजल पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली. “मिलवाल्यानं तिचं नाव फळ्यावर लिवलं.”

“आली नाही ती?”

काजलनं पेढ्याचा कागद सारखा केला. “येईन ना. तिले टाइम नाही भेटत.”

टाइम मिळायला, बालगृह सोडल्यापासून, नऊ वर्षं लागली. मी आता एका खोलीत राहते, माझ्या भाच्याच्या घरामागे. मागच्या मे महिन्यात दुपारी दार वाजलं. काजल असेल म्हणून मी बसल्या जागेवरून म्हटलं, ढकल, उघडंच आहे. दारात चंदा होती. पंचविशीची बाई, भरलेलं अंग, केसांना क्लिप. स्टेशन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात ती कामाला आहे हे मला माहीत होतं. तिच्या बोटाला एक लहान मुलगी होती.

“गुडघे कसे आहेत?” तिनं विचारलं.

“आहेत तसेच. बस.”

ती बसली. पिशवीतून केळी काढून माझ्यापुढे ठेवली. मी पाणी दिलं. मुलगी खोलीत फिरत होती, माझ्या औषधाच्या बाटल्या मोजत होती.

“किती वर्षांची?” मी विचारलं.

“मार्चमध्ये चार झाली. दवाखान्यात झाली, दाखला आहे.” तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. “आमच्या गल्लीतल्या बाया म्हणतात, हुशार आहे, ओळख काढून, वय वाढवून हिला लवकर शाळेत घाल. एक वर्ष वाचेल.”

“मग?”

चंदानं मुलीला हाक मारली. “इकडे ये. आजीला दाखव, कान कसा पकडायचा.”

मुलगी माझ्यापुढे येऊन ताठ उभी राहिली. तिला हा खेळ माहीत असावा. उजवा हात डोक्यावरून नेला, मान न वाकवता, जीभ दातांत धरून. बोटं कानाच्या वर दोन बोटं थांबली. तिनं टाचा उचलल्या. तरी पोचेनात.

“नाही पोचत,” मुलगी म्हणाली.

तिचं कोपर माझ्या अगदी समोर होतं. माझा हात आपोआप वर गेला.

“मावशी,” चंदा म्हणाली, “तुम्ही हात लावू नका.”

मी हात मांडीवर ठेवला. तिनं मुलीला ओढून कुशीत घेतलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवली.

“नाही पोचत ना?” ती म्हणाली. “मग खेळ अजून दोन वर्षं.”